१ वर १२० शून्यं

बुद्धिबळाचे एकूण डाव किती होतील? बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅननने १९५० साली याचा हिशेब छापला. खेळाडूपुढे एका वेळी साधारण ३० चाली असतात. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशी जोडी धरली, की ३० गुणिले ३०, म्हणजे ढोबळमानाने १,००० शक्यता. डाव अशा ४० जोड्यांचा धरा. उत्तर येतं १ वर १२० शून्यं. आपलं एकं, दहं, शतं परार्धापाशी, म्हणजे १७ शून्यांवर थांबतं. सात परार्ध एकमेकांशी गुणले तरी एक शून्य कमीच पडतं.

सेकंदाला दहा लाख डाव तपासणाऱ्या यंत्रालाही पहिली चाल ठरवायला १ वर ९० शून्यांहून अधिक वर्षं लागतील, असं शॅननने लिहिलं. त्याचेच आकडे घेऊन भागाकार केला तर १०६ शून्यं निघतात. ‘हून अधिक’ या शब्दांनी त्याला वाचवलं म्हणायचं! विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. त्यापुढे ही १६ शून्यं इकडे काय नि तिकडे काय.

तेव्हा सगळं मोजणं बाद. काय मोजायचं नाही हे ठरवणं, हेच बुद्धिबळाच्या पहिल्या प्रोग्रामरांचं खरं काम होतं. लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या मंडळींनी १९५६ मध्ये पटालाच कात्री लावली. त्यांचा संगणक ‘मॅनिअ‍ॅक’ सेकंदाला ११,००० क्रिया करायचा. म्हणून पट ६ बाय ६ घरांचा केला, उंट हद्दपार केले. तरीही दोन्ही बाजूंच्या दोन-दोन चाली पुढचं पाहायला त्याला सुमारे १२ मिनिटं लागत. वजिराविना खेळलेल्या मुरलेल्या खेळाडूकडून तो हरला आणि आठवड्यापूर्वी खेळ शिकलेल्या नवख्याला त्याने हरवलं.

आयबीएमच्या अ‍ॅलेक्स बर्न्स्टीनने पट पूर्ण ठेवला. कात्री चालींना लावली. ३० पैकी बऱ्या वाटणाऱ्या ७ चालीच पाहायच्या. चार पायऱ्यांवर ८ लाख १० हजार फांद्यांच्या उरल्या २,४०१! मला ही युक्ती जास्त धाडसी वाटते, कारण जिंकणारी चाल नेमकी आठवी असू शकते.

१९९७ चा ‘डीप ब्लू’ संगणक सेकंदाला २० कोटी स्थिती तपासत असे. प्रत्येक स्थिती म्हणजे एक अख्खा डाव मानला, तरी शॅननची यादी संपवायला त्याला १ वर १०४ शून्यांहून अधिक वर्षं लागली असती. जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवायला सहा डाव पुरले.