गिल्डफर्ड ते पुणे: विद्यापीठीय उपग्रहांची पस्तीस वर्षे

गिल्डफर्ड हे इंग्लंडमधलं एक शहर. तिथल्या सरे विद्यापीठात मार्टिन स्वीटिंग आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी उपग्रह बनवायला घेतला, तेव्हा उपग्रह हे सरकारांचं आणि बड्या कंपन्यांचंच काम मानलं जाई. या मंडळींनी बाजारात मिळणारे इलेक्ट्रॉनिक भाग वापरले आणि हौशी म्हणजे हॅम रेडिओवाल्यांना सोबत घेतलं. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी अमेरिकेतून डेल्टा रॉकेटवर ‘यूओसॅट-१’ गेला. वजन जेमतेम पन्नास किलोंच्या आसपास, पण त्यावरचा संगणक कक्षेत असतानाही जमिनीवरून नव्याने प्रोग्राम करता येत होता.

१९८२ मध्ये मात्र हा उपग्रह हातचा जाणार असं वाटू लागलं. त्याचे दोन्ही रेडिओ बीकन, म्हणजे सतत संदेश सोडणारे प्रक्षेपक, एकाच वेळी चालू राहिले. त्या गोंगाटात गिल्डफर्डहून पाठवलेले आदेश त्याला ऐकूच येईनात. कित्येक महिने असेच गेले. अखेर कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डची ४६ मीटर व्यासाची डिश मिळाली. तिच्यातून जबर ताकदीने आदेश सोडला, तेव्हा कुठे बीकन बंद झाला. त्यानंतर तो उपग्रह १९८९ पर्यंत कामात राहिला.

खरी कमाई पुढे दिसली. नव्या उड्डाणात जागा मिळताच याच चमूने सुमारे सहा महिन्यांत ‘यूओसॅट-२’ उभा केला आणि तो मार्च १९८४ मध्ये कक्षेत गेला. आधीच्या अडचणी निस्तरलेली माणसं त्याच प्रयोगशाळेत होती, म्हणूनच हे जमलं. १९८५ मध्ये शंभर पौंडांच्या भांडवलावर विद्यापीठाने ‘सरे सॅटेलाइट टेक्नॉलॉजी’ ही कंपनी काढली.

पुढे गिल्डफर्डची वाट श्रीहरिकोट्याला येऊन मिळाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्मार्टफोन बसवलेला सरेचा ‘स्ट्रँड-१’ भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून गेला. २०१५ मध्ये सरे सॅटेलाइट टेक्नॉलॉजीचे तीन मोठे उपग्रहही पीएसएलव्हीनेच नेले.

त्याच श्रीहरिकोट्याहून २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ झेपावला. दहा सेंटिमीटरचा घन, वजन किलोभराच्या आत, काम हॅम रेडिओवाल्यांचे निरोप पोचवण्याचं. त्याची दिशा सांभाळायला ना मोटर, ना इंधन. आत बसवलेला कायमचा चुंबक होकायंत्रासारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहायचा आणि खास धातूच्या दांड्या उपग्रहाचं डोलणं हळूहळू शमवायच्या. तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, आयआयटी मुंबईचा दहा किलोंचा ‘प्रथम’ गेला. वातावरणाच्या वरच्या थरातले, म्हणजे आयनांबरातले, इलेक्ट्रॉन मोजणं हे त्याचं काम होतं. जीपीएसच्या संदेशांना याच इलेक्ट्रॉनांमुळे उशीर होतो.

दोन्ही प्रकल्पांना आठ-नऊ वर्षं लागली. इंजिनीअरिंगचं शिक्षण चार वर्षांचं. म्हणजे ज्यांनी पहिले आराखडे काढले, ती मुलं उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडली. प्रत्येक नव्या तुकडीने आधीच्या मुलांच्या नोंदी वाचल्या, सर्किटं पुन्हा तपासली, नवी मुलं तयार केली. या चिकाटीला माझा सलाम आहे.

पण या पस्तीस वर्षांकडे पाहताना एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. हुशारीत पुणे-मुंबईची मुलं गिल्डफर्डच्या कुणापेक्षाही कमी नाहीत. सरेला साधलं ते एवढंच की, पहिला उपग्रह घडवणाऱ्यांना दुसरा घडवायला तिथेच थांबता आलं. आपल्या महाविद्यालयांनीही उपग्रह प्रयोगशाळेत कायमस्वरूपी अभियंत्यांच्या जागा काढाव्यात आणि पदवी घेतलेल्या मुलांना पगार देऊन तिथे ठेवून घ्यावं. मग दुसऱ्या उपग्रहाला पहिल्याइतकी वर्षं लागणार नाहीत.