लोकांचे अध्यक्ष, पक्षात मात्र एकाकी
स्वामी रामानंद तीर्थ यांची दुहेरी लढाई

नायगाव (जि. नांदेड) : दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी नायगाव, बिलोली, उमरी, देगलूर या भागात ध्वजवंदन होते आणि स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आदराने घेतले जाते. नांदेडच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. निजामाशी झुंजणारा संन्यासी ही त्यांची प्रतिमा घरोघरी पोहोचली आहे. तथापि, हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने त्यांना दुसरीही एक लढाई लढावी लागली, याची चर्चा भाषणांतून फारशी होत नाही. ही लढाई स्वपक्षातील मवाळांशी, दिल्लीतील श्रेष्ठींच्या सावधपणाशी आणि पोलिस कारवाईनंतर सत्तेवर आलेल्या प्रशासनाशी होती. ज्याच्या शब्दावर हजारो लोक तुरुंगात गेले, त्याच नेत्याला मुक्तीनंतर सत्तेच्या रचनेत निर्णायक स्थान का मिळाले नाही, हे त्या काळातील घडामोडींवरून स्पष्ट होते.

एक संस्थान, तीन भाषा

निजामाच्या हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड भाषक होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे ते पाच मराठी जिल्हे. लातूर त्या वेळी स्वतंत्र जिल्हा नव्हता. राजकीय सभांवर कडक निर्बंध असल्याने चळवळीने आधी भाषिक संघटनांचा आधार घेतला. तेलंगणात आंध्र महासभा, कन्नड भागात कर्नाटक परिषद आणि मराठवाड्यात महाराष्ट्र परिषद काम करू लागली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे झाले.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव. त्यांचा जन्म १९०३ मध्ये आजच्या कर्नाटकातील सिंदगी येथे झाला. कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काही काळ काम केल्यानंतर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक झाले. खेड्यापाड्यांतील शेतकरी आणि वर्गातील विद्यार्थी ही त्यांची खरी शिदोरी होती. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्याविरुद्ध ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजी तुरुंगात गेले. मात्र दोनच महिन्यांत, २४ डिसेंबरला, महात्मा गांधींच्या सल्ल्याने हा सत्याग्रह स्थगित करण्यात आला. चळवळ संस्थानात असली तरी तिचा लगाम बाहेरही आहे, याचा हा पहिला अनुभव होता.

अध्यक्षपदाची चुरस

जुलै १९४६ मध्ये बंदी उठली आणि तिन्ही भाषिक प्रवाह स्टेट काँग्रेसमध्ये एकत्र आले. अध्यक्षपदासाठी स्वामीजींच्या विरोधात तेलंगणाचे बुरगुल रामकृष्ण राव उभे राहिले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, बहुभाषक व निष्णात वकील अशी त्यांची ख्याती होती. वाटाघाटी आणि टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या सुधारणा यांवर मवाळ गटाचा विश्वास होता. निजामाच्या नव्या राज्यघटनेतील अपुऱ्या सुधारणांशी तडजोड नको, थेट लढा हवा, अशी स्वामीजींची भूमिका होती.

स्वामीजी विजयी झाले. पण निसटत्या मतांनी. याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. अध्यक्षाची निवड जनता करीत नव्हती, प्रतिनिधी करीत होते. १९४४ च्या भोंगीर अधिवेशनात आंध्र महासभा कम्युनिस्टांच्या हाती गेली होती. त्यामुळे तेलंगणातील शेतकऱ्यांचा लढाऊ वर्ग काँग्रेसबाहेर राहिला आणि काँग्रेसमध्ये मवाळांचे वजन वाढले. म्हणजेच स्वामीजींना मिळू शकणारा जनाधार ज्या भागात सर्वांत मोठा होता, तेथेच पक्षांतर्गत विरोधही बलवान होता. शिवाय त्यांचे निकटचे सहकारी गोविंदभाई श्रॉफ व इतर अनेक तरुण डाव्या विचारांचे होते. त्यामुळे या गटाकडे दिल्लीत काहीशा साशंकतेने पाहिले जाई.

लढ्यात निर्विवाद नेते

जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच महिन्यात मुशीराबाद येथे झालेल्या स्टेट काँग्रेसच्या अधिवेशनात भारतात विलीनीकरण आणि जबाबदार राज्यपद्धती यांची मागणी करण्यात आली. ७ ऑगस्टला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर जैसे थे करार झाल्यावर ते सुटले. परंतु जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा गजाआड गेले. ते बाहेर आले थेट १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाच्या शरणागतीनंतर.

या काळात नांदेड परिसराने जबर किंमत मोजली. नायगाव तालुका पूर्वी ज्या बिलोली तालुक्यात होता, त्याच तालुक्यातील अर्जापूरजवळ २९ ऑक्टोबर १९४६ रोजी स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. शेजारच्या उमरी येथील बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घालून लढ्यासाठी रक्कम मिळवली. सरहद्दीवर उमरखेडसारख्या ठिकाणी सशस्त्र तरुणांची शिबिरे उभी राहिली. अध्यक्ष तुरुंगात असताना नांदेड भागातील दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने बाहेरून लढा चालवला. ही व्यवस्था अपरिहार्य होती. पण तिचा एक परिणाम असा झाला, की पैसा, माणसे आणि दिल्लीशी संपर्क यांची सूत्रे तुरुंगातील अध्यक्षाकडे न राहता बाहेरील नेत्यांकडे गेली. लढा संपताच पक्षात निरनिराळे गट ठळकपणे समोर आले, त्याचे एक मूळ येथे आहे.

मुक्तीनंतरची कोंडी

पोलिस कारवाईनंतर संस्थानाचा कारभार मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या लष्करी प्रशासनाकडे गेला. डिसेंबर १९४९ मध्ये सनदी अधिकारी एम. के. वेल्लोडी यांच्याकडे सूत्रे आली. ज्यांनी लढा दिला, त्यांच्या हाती लगेच राज्य आले नाही. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र उठाव सुरू होता आणि केंद्राला प्रथम शांतता व प्रशासकीय घडी हवी होती. अशा वेळी लोकांना रस्त्यावर आणू शकणाऱ्या नेत्यापेक्षा फाईल हाताळू शकणारा नेता दिल्लीला अधिक सोयीचा वाटणे स्वाभाविक होते. १९५० मध्ये काँग्रेसचे चार प्रतिनिधी वेल्लोडी यांच्या मंत्रिमंडळात घेण्यात आले, त्यांत बुरगुल होते.

१९५२ च्या निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसने जिंकल्या. मुख्यमंत्रिपद बुरगुल रामकृष्ण राव यांना मिळाले आणि दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. मंत्रिपद त्यांनी कधीच भूषवले नाही. गोविंदभाई आधीच काँग्रेसबाहेर पडले होते. त्यामुळे स्वामीजींचा एक भक्कम हात पक्षात उरला नव्हता. आकड्यांचे गणितही स्पष्ट होते. सोळापैकी आठ जिल्हे तेलुगू असलेल्या राज्यात पाच मराठी जिल्ह्यांत पाया असलेल्या नेत्याला विधिमंडळात बहुमत जुळवणे कठीणच होते.

काँग्रेसच्या इतिहासात हे उदाहरण एकटे नाही. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभी सीतारामय्यांचा पराभव केला. पण कार्यकारिणी व गांधीजींची साथ नसल्याने तीन महिन्यांत त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले. १९५० मध्ये निवडून आलेले पुरुषोत्तमदास टंडन पंतप्रधान नेहरूंशी मतभेद झाल्याने वर्षभरात पायउतार झाले. अध्यक्षपद मतांनी मिळते. ते चालवण्यासाठी मात्र कार्यकारिणी, श्रेष्ठी आणि सरकार यांपैकी कोणाचा तरी आधार लागतो. स्वामीजींना तिन्ही आघाड्यांवर तो अपुराच मिळाला.

खुर्ची गेली, प्रश्न जिंकला

असे असले तरी स्वामीजींचा पराभव झाला, असे म्हणणे अपुरे ठरेल. हैदराबाद राज्य मोडून त्याचे भाषिक भाग शेजारच्या राज्यांना जोडावेत, हा आग्रह त्यांनी धरला. हैदराबादच्या मिश्र संस्कृतीविषयी ममत्व असलेल्या नेहरूंना प्रारंभी हे मान्य नव्हते. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे विसर्जन झाले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग बनला. १९५७ मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून आलेल्या स्वामीजींच्या हयातीतच हे घडले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या गटाला हैदराबादचे मुख्यमंत्रिपद मिळाले नाही. परंतु सरहद्दीवरील शिबिरांतून घडलेले त्यांचे दोन अनुयायी पुढे फार दूरवर गेले. १९९१ मध्ये देशाच्या पंतप्रधानपदी पी. व्ही. नरसिंह राव होते आणि गृहमंत्रिपदी नांदेडचे शंकरराव चव्हाण.