मत, सीमा आणि पैसा

ज्यास सर्वाधिक मते तो विजयी, हे आपल्या निवडणूक पद्धतीचे तत्त्व वरकरणी सरळ असले, तरी मतदारसंघाची सीमा कोठून आखली जाते यावर निकालाचे भवितव्य किती अवलंबून असते, हे धुळे मतदारसंघाने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दाखवून दिले. उमेदवार डॉ. सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत आघाडीवर असूनही, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव मध्य या एकाच क्षेत्राच्या प्रचंड मताधिक्यामुळे त्यांच्या प्रतिस्पर्धी डॉ. शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. आणि मालेगाव धुळ्यास जोडले गेले ते २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेने.

सीमेइतकेच सामर्थ्य संघटित हितसंबंधांचे असते. सहकारी बँक, दूध संघ, बाजार समिती यांची सूत्रे ज्यांच्या हाती, त्यांचे गाऱ्हाणे दरबारी तत्काळ पोहोचते. रावेर-यावलचा केळी-उत्पादक किंवा कोरडवाहू कापूसकरी मात्र संख्येने विपुल असूनही विखुरलेला राहतो.

तिसरी शक्ती द्रव्याची. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे, पक्षास मात्र ती नाही. आणि देणगीदाराचे नाव जनतेपासून गुप्त ठेवणारी निवडणूक रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली, ती मतदाराच्या माहितीच्या अधिकारासाठीच.

म्हणून खानदेशच्या मतदाराने केवळ मत देऊन स्वस्थ बसू नये. आपल्या उमेदवाराचे शपथपत्र वाचावे, खर्चाचा हिशेब मागावा आणि आपल्या पिकासाठी संघटित व्हावे. लोकशाहीचे रक्षण याच मार्गाने होईल.