बॉनेटखाली (लेखांक १४) : नापास पीयूसी आणि पेटलेला दिवा

पीयूसीत गाडी नापास झालेली आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवाही पेटलेला, अशा अवस्थेत माणूस गॅरेजात पोचला की पहिलं वाक्य हमखास ऐकू येतं : ‘थांबा, कोड उडवून देतो, मग बघू.’ दोन मिनिटांत दिवा विझतो, मालकाला हायसं वाटतं आणि गाडीच्या आजाराचा सगळ्यात मोलाचा पुरावा त्याच क्षणी नाहीसा होतो. आजचा लेखांक या एका सवयीविरुद्ध आहे.

दिवा पेटतो तेव्हा इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, नुसता कोड नोंदवून थांबत नाही. कोड नोंदला त्या क्षणी आरपीएम किती होते, गाडीचा वेग किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनवर भार किती, पेट्रोल नेहमीपेक्षा कमी द्यावं लागत होतं की जास्त, हे सगळं तो टिपून ठेवतो. स्कॅनरवर याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. म्हणून मेकॅनिकला नम्रपणे पण ठामपणे सांगा : आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढू, मग पुढचं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर हे काम करतो. तो स्वतःकडे असला तर उत्तमच.

दुसरा पुरावा पीयूसी केंद्रावर मिळतो आणि तो बहुतेक जण तिथेच सोडून येतात. २०२१मध्ये पीयूसीचा देशभर एकच नमुना ठरला, तेव्हा नापास गाडीला कारणासह नकाराची स्लिप देण्याची तरतूदही झाली. ती मागून घ्या. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. २५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान असावा लागतो. लॅम्डा म्हणजे हवा आणि पेट्रोलाच्या प्रमाणाचा ताळा. एकच्या खाली गेला तर पेट्रोल जास्त, वर गेला तर हवा जास्त.

कार्बन मोनॉक्साइड वाढला तर पेट्रोलाला पुरेशी हवा मिळत नाही. हायड्रोकार्बन वाढले तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, बहुधा एखादा सिलेंडर मिसिंग करतोय. केंद्रावरचं यंत्र ऑक्सिजनचाही आकडा दाखवतं, तो विचारून घ्या. हायड्रोकार्बन ठीक, कार्बन मोनॉक्साइड ठीक, पण ऑक्सिजन आणि लॅम्डा दोन्ही चढलेले असतील, तर इंजिनला हात लावण्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन सायलेन्सरची लाइन तपासा. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांत खाऱ्या हवेने सायलेन्सरच्या सांध्याला भोक पडणं काही नवं नाही. त्या भोकातून आत शिरलेली हवा यंत्र मोजतं आणि निरोगी इंजिन नापास ठरतं.

कोड आणि स्लिप यांतलं एकच वाचलं तर फसगत होते, दोन्ही शेजारी ठेवली की बोलू लागतात. एक उदाहरण सविस्तर पाहू, कारण आपल्याकडे ते फार आढळतं. समजा, दहा-बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट, लॅम्डा एकच्या खाली, कोड पी०१२८. या कोडचा अर्थ असा की इंजिन ठरलेल्या वेळात पुरेसं गरम झालं नाही. फ्रीझ फ्रेममध्ये गाडी चांगल्या वेगात आहे, पण कूलंट जेमतेम ५८ अंशांवर. नीट चालणाऱ्या इंजिनात तिथे ऐंशी-नव्वदच्या घरातला आकडा हवा. आता बॉनेट उघडून थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे बोल्ट काढा. आत बहुधा अडकलेला थर्मोस्टॅट मिळेल, किंवा काहीच मिळणार नाही. ‘आपल्याकडे उकाडा, इंजिन थंड राहिलेलं बरं’ या समजुतीने तो काढून टाकण्याची जुनी रीत आपल्या गॅरेजांत अजून आहे.

कार्ब्युरेटरच्या काळात ती कदाचित खपून गेली. आजच्या गाडीत तिचे परिणाम थेट हवेत जातात. कूलंट गार दिसतं म्हणून ईसीयू इंजिनला अजून ‘सकाळचं पहिलं स्टार्ट’ समजतो आणि जादा पेट्रोल देत राहतो. अ‍ॅव्हरेज घसरतं, प्लग काळे पडतात, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. कॅटकॉन, म्हणजे कॅटालिटिक कन्व्हर्टर, अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यावरच कामाला लागतो. शहरातल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तोही अर्धवट गरम राहतो. या गाडीला नवीन ऑक्सिजन सेन्सर घातला, इंजेक्टर साफ केले, थ्रॉटल बॉडी धुतली, तरी स्लिपवरचे आकडे फारसे हलणार नाहीत. कंपनीच्या तापमानाचा थर्मोस्टॅट आणि ताजं कूलंट, एवढंच तिला हवं असतं.

पी०१७१ या कोडचं प्रकरण वेगळं आहे. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, अशी ईसीयूची ही तक्रार. यावर गॅरेजात पटकन सेन्सर बदलला जातो. त्याआधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा. ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय, ते हा आकडा सांगतो. आयडलवर लाँग टर्म ट्रिम अधिक वीसच्या पुढे आणि २५०० आरपीएमला नेल्यावर तो पाच-सहावर उतरला, तर इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, तडकलेला व्हॅक्यूम होज, इथे शोधा. उलट आयडलवर ठीक आणि चढावर किंवा जोर लावल्यावर ट्रिम वाढत गेला, तर पेट्रोलच कमी पोचतंय : पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय किंवा इंजेक्टर जड झालेत. कोड एकच, बिघाडाच्या जागा दोन टोकांना, आणि निवाडा करायला पाच मिनिटं पुरतात.

आता पंपांवर ई२० पेट्रोल आलंय, म्हणून ट्रिम वाचताना एक भान ठेवा. पेट्रोलाला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. त्यामुळे त्याच हवेला ई२० जास्त द्यावं लागतं आणि जुन्या गाडीचा ट्रिम शुद्ध पेट्रोलच्या मानाने काही टक्के वर सरकलेला दिसतो. अधिक सहा-सात पाहून घाबरू नका. पण ज्या गाडीत आधीच थोडी हवा शिरत होती, तिचा ट्रिम या जादा टक्क्यांमुळे मर्यादेपलीकडे जाऊन दिवा पेटू शकतो. मग सगळा दोष पेट्रोलवर टाकला जातो आणि तडकलेला होज तसाच राहतो. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत ट्रिम आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर असा दोनदा वाचायला हवा. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर बिघडलेला असेल, तर किटचं ट्यूनिंग चुकलंय. त्यासाठी इंजिन उघडायचं कारण नाही.

सगळ्यात महागडी चूक होते ती पी०४२० या कोडवर. कॅटकॉन नीट काम करत नाही, एवढं तो म्हणतो. कॅटकॉनच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो, आणि या धातूंमुळेच त्याची किंमत हजारोंच्या घरात जाते. ईसीयू त्याची परीक्षा दोन ऑक्सिजन सेन्सरांवरून घेतो. पुढचा सेन्सर ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो. कॅटकॉन धडधाकट असेल, तर मागच्याचा आकडा बराचसा स्थिर, ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की हा कोड येतो.

पण मागचा सेन्सर नाचायला कॅटकॉनच मेलेला असावा लागत नाही. त्याच्याआधीच्या सांध्यातून हवा शिरत असेल, तरी हेच दिसतं. आणि कॅटकॉन खरोखर गेलेला असेल, तर तो आपणहून क्वचित जातो. त्याला कुणीतरी मारलेलं असतं. मिसिंग करणाऱ्या सिलेंडरचं कच्चं पेट्रोल आत जाऊन पेटतं आणि वीट वितळते. इंजिन ऑइल खात असेल, तर त्यातले फॉस्फरससारखे घटक लेपावर बसतात. हे कारण न शोधता नवा कॅटकॉन बसवला, तर तोही त्याच वाटेने जाईल. दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर जोराचं मिसिंग चालू आहे आणि कॅटकॉन त्या क्षणी भाजला जातोय. अशा वेळी पेडलवरचा पाय हलका करा आणि लवकरात लवकर गाडी थांबवा.

काही ठिकाणी कॅटकॉन पोकळ करून, मागच्या सेन्सरला स्पेसर लावून दिवा गप्प करतात. हे मला मनापासून संतापजनक वाटतं. त्या गाडीमागे सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या, पुढच्या सीटवर बसवलेल्या लेकराच्या नाकात तो धूर जातो. पीयूसी नसल्याचा दंड २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत आहे, हा भाग निराळा.

आपल्या पीयूसी चाचणीत दिवा पेटला आहे की नाही, हे पाहिलं जात नाही. नळी सायलेन्सरात जाते आणि वायू मोजले जातात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या लोकांना दुसरा अनुभव येतो. तिथे २०००पासूनच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी मुख्यतः त्या सोळा पिनांच्या सॉकेटवरूनच होते. दिवा पेटलेला असला की गाडी नापास. आदल्या रात्री कोड पुसून गेलं, तर ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात आणि गाडी तरीही नापास. कोड उडवण्याची पळवाट त्यांनी बंद केली आहे. आपणही ती बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्ती झाल्यावर लगेच केंद्रावर धावू नका. कोड पुसल्यावर ईसीयूने शिकलेले ट्रिमही बहुधा पुसले जातात. दोन-चार दिवस शहर आणि हायवे दोन्हीकडे गाडी चालवा आणि पुन्हा कोड आला का, ट्रिम कुठे स्थिरावतोय, ते पाहा. चाचणीच्या दिवशी निदान वीस मिनिटं चालवून गरम गाडी केंद्रावर न्या आणि रांगेत इंजिन चालूच ठेवा. कॅटकॉन गार पडला, तर चांगली गाडीही हायड्रोकार्बनमध्ये अडकू शकते. नवी स्लिप जुन्या स्लिपला टाचून ठेवा. पुढच्या वर्षी आकडे सरकू लागले, तर दिवा पेटण्याआधीच तुम्हाला कळेल.

हे सगळं पेट्रोल आणि सीएनजीचं झालं. डिझेल गाडीत धुराची घनता मोजतात आणि तिथले गुन्हेगार ईजीआर, टर्बोचे पाइप आणि डीपीएफ. त्यांची चौकशी पुढच्या आठवड्यात.