रेणूच्या आत डोकावताना

खमरियातल्या मुलांना कट मॉडेल म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. आपली वसाहतच दारूगोळ्याच्या कारखान्याची. निकामी गोळ्याचे पोलादी आवरण एका बाजूने कापून ठेवले, की फ्यूज कुठे आणि स्फोटकाची जागा कुठे हे एका नजरेत कळते. जीवशास्त्राच्या तासाला आपण खोडाचा आडवा छेद घेतो, तोही याचसाठी. मग रेणूचा छेद कसा घ्यायचा? संगणकावर तोही घेता येतो. आपल्या भागाशी जवळचा संबंध असलेल्या एका रेणूवर तो घेऊन पाहू.

हा रेणू हिमोग्लोबिनचा. त्यात दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या आणि एकूण ५७४ अमिनो आम्ले असतात. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की ते सिकलसेलचे हिमोग्लोबिन होते. मंडला-डिंडोरीत आणि तिकडे विदर्भात हा आजार अनेक घरांनी सोसला आहे. जबलपूरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था त्यावर बरीच वर्षे काम करते आहे.

एका अमिनो आम्लाने एवढे काय बिघडते? प्रोटीन डेटा बँकेतून ‘२एचबीएस’ ही फाइल विनामूल्य मिळते. तिच्यात सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचे दोन रेणू एकमेकांना टेकलेले आहेत. पायमॉलसारख्या प्रोग्रॅममध्ये ती उघडून पृष्ठभाग दाखवलात, तर बटाट्यासारखे दोन गोळे दिसतील. ते जिथे चिकटले आहेत, नेमकी तीच जागा झाकलेली असते.

इथे क्लिपिंग प्लेन कामी येतात. रेणूच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन समांतर काचा आहेत असे समजा. पडद्यावर फक्त या दोन काचांमधला भाग काढला जातो. या मधल्या कापाला स्लॅब म्हणतात. पायमॉलमध्ये माउसचे चाक फिरवले की स्लॅबची जाडी कमीजास्त होते. शिफ्ट दाबून माउसचे उजवे बटण धरून ओढले की काचा पुढेमागे सरकतात. काचा पडद्याला जखडलेल्या असतात, म्हणून रेणू फिरवला की काप दुसऱ्याच भागातून जातो.

आता चारही बीटा साखळ्यांतील सहावे अमिनो आम्ल लाल रंगवा. स्लॅब साधारण १० अँगस्ट्रॉमचा करा आणि सावकाश पुढे न्या. चार लाल ठिपक्यांपैकी एक दोन रेणूंच्या सांध्यात सापडेल. एका रेणूचे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत बसलेले असते. ८५ वे फेनिलॲलॅनिन आणि ८८ वे ल्युसिन ही त्या खोबणीची भिंत. तिन्ही पाण्यापासून दूर राहणारी, म्हणून ती एकमेकांना धरतात. मूळचे ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित असते आणि पाण्यात रमते, ते तिथे शिरत नाही. ऑक्सिजन सोडल्यावर रेणूचा आकार बदलतो आणि व्हॅलिन त्या खोबणीत नीट बसते. मग रेणूला रेणू लागून लांब तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्या. मॉडेल मोठे करताना अर्धा रेणू गायब झाला, तर फाइल बिघडली असे समजू नका. जवळच्या काचेने तो भाग कापला आहे, अणू जागच्या जागी आहेत आणि अंतर मोजताना ते धरले जातात. दुसरी गोष्ट अधिक फसवी. पृष्ठभाग कापला की रेणू आतून पोकळ दिसतो, कारण प्रोग्रॅमने फक्त साल काढलेली असते. प्रत्यक्षात आत अणू दाटीवाटीने भरलेले असतात. म्हणून कापात भोक दिसले तर आतले अणू काड्यांच्या रूपात दाखवा, रेणू फिरवून दुसऱ्या बाजूनेही काप घ्या, आणि मगच ते भोक खरे माना.

पूर्वी हे काम उलट्या दिशेने चाले. १९६० च्या सुमारास मॅक्स पेरुत्झ यांनी क्ष-किरणांवरून मिळालेले छेद प्लास्टिकच्या थरांत कापले आणि ते एकावर एक रचून हिमोग्लोबिनचे मॉडेल उभे केले. १९६२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासह मिळाले.

आपल्या रक्तात कोणते हिमोग्लोबिन आहे, हे मात्र पडद्यावर कळत नाही, त्यासाठी रक्ततपासणीच हवी. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक माणूस एरवी धडधाकट दिसतो. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. शिबिर जवळ आले तर स्वतः जा आणि मित्रालाही सोबत न्या.