चौदावा तुकडा गळाला तर?

शेतावर गेलेल्या धाकट्या भावाला तुम्ही निरोप धाडला, असे समजा : 'पंप सुरू कर. टाकी भरली की बंद कर. मग घरी ये.' निरोप उतरवून घेणाऱ्याकडून मधले वाक्य गळाले. उरलेला निरोप अगदी शुद्ध आहे, व्याकरणाची एकही चूक नाही. पण पाणी मात्र वाहतच राहणार! आपल्या पेशींतही असा घोटाळा होऊ शकतो, आणि त्यातून कधी कधी कर्करोग वाढीस लागतो.

पेशीच्या केंद्रकातील जनुकांत प्रथिने बनविण्याच्या सूचना असतात, हे तुम्ही शिकला आहात. सूचनेची आरएनएच्या रूपात नक्कल होते व तिच्यावरून प्रथिन बनते. हा मजकूर सलग असावा, अशी पूर्वी समजूत होती. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी अ‍ॅडिनो विषाणूवर काम करताना वेगळेच चित्र दाखविले. मजकूर तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असतो! कामाच्या तुकड्यांना एक्झॉन आणि मधल्या भागांना इन्ट्रॉन म्हणतात. पेशी नकलेतून इन्ट्रॉन कापून टाकते व एक्झॉन सांधते. ही कातर-जोड म्हणजे स्प्लायसिंग. (प्रयोगशाळेत माणूस जनुके कापून जोडतो, त्यालाही कधी कधी हेच नाव देतात, पण ती गोष्ट निराळी.) या शोधाबद्दल दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोठे कापायचे हे पेशीला कसे कळते? इन्ट्रॉनच्या टोकांशी खुणेची अक्षरे असतात. डीएनएच्या लिपीत जवळजवळ प्रत्येक इन्ट्रॉन 'जीटी'ने सुरू होतो आणि 'एजी'ने संपतो. ही खूण बिघडली, की कात्री चुकते.

आता एक खरेखुरे उदाहरण पाहू. 'मेट' नावाचे जनुक पेशीच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाची सूचना बाळगते. बाहेरून वाढीचा निरोप आला, की हे प्रथिन तो आत पोहोचविते. जखम भरताना त्याचा उपयोग होतो. पण वाढ थांबायलाही हवी ना? त्याची सोय याच प्रथिनात आहे. चौदाव्या एक्झॉनने बनलेल्या भागात एक जागा अशी आहे, की तेथे दुसरे एक प्रथिन येऊन चिकटते आणि 'हे मोडीत काढा' अशी जणू चिठ्ठी लावते. मग पेशी ते प्रथिन आत ओढून मोडून टाकते. पंप बंद!

काही रुग्णांच्या फुफ्फुसातील पेशींत चौदाव्या एक्झॉनच्या कडेची खूण बिघडते. कात्री तो तुकडाच वगळते आणि तेराव्याला थेट पंधरावा जोडला जातो. या तुकड्यात १४१ अक्षरे असतात. प्रथिनाची लिपी तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. १४१ ला ३ ने नेमका भाग जातो. त्यामुळे ४७ अमिनो आम्ले गळतात, पण पुढचे वाचन बिघडत नाही. एखादे अक्षर कमी-जास्त असते, तर पुढचा सारा मजकूर निरर्थक होऊन प्रथिन निकामी झाले असते आणि ते एका परीने बरेच झाले असते! येथे प्रथिन धडधाकट राहते, फक्त ते मोडीत काढण्याची सोय जाते. वाढीचा निरोप चालूच राहतो.

हा बिघाड बहुधा जन्मजात नसतो. आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीत घडतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या सर्वांत मोठ्या गटात दर १०० रुग्णांपैकी सुमारे ३ जणांत तो आढळतो. आकडा लहान वाटेल, पण हा रोग जगभर लाखोंना होतो हे ध्यानात घ्या.

या रुग्णांसाठी २०२० मध्ये जपानमध्ये टेपोटिनिब आणि अमेरिकेत कॅपमॅटिनिब या औषधांना मान्यता मिळाली. ती चुकलेली जोडणी सुधारत नाहीत, तर मेट प्रथिनाचे काम रोखतात. पुष्कळांची गाठ त्यांनी आकसते. मात्र काही काळाने पेशी पळवाट शोधतात आणि रोग पुन्हा डोके वर काढतो.

औषध द्यायचे, तर आधी बिघाड सापडायला हवा. डीएनएमध्ये खूण नाना तऱ्हांनी बिघडू शकते, त्यामुळे एखादी तऱ्हा नजरेतून सुटते. आरएनएमध्ये मात्र परिणाम एकच : तेराव्यापुढे थेट पंधरावा. म्हणून शक्य तेथे आरएनएही तपासून पाहतात.