पणजीला गुदगुल्या व्हायच्या का?

तुमच्या पणजोबांचं नाव काय? बहुतेकांना सांगता येईल. नाही आलं तर बाबांना विचारा, बाबा आजोबांना फोन लावतील, पाच मिनिटांत काम फत्ते. आता पुढचा प्रश्न. तुमच्या पणजीला गुदगुल्या व्हायच्या का?

आता मात्र आजोबाही डोकं खाजवतील.

घराण्याचा इतिहास म्हटलं की आपण नावं आणि सनावळ्या जपून ठेवतो. ज्यांची ती नावं, ती माणसं मात्र हातातून निसटतात. आमच्या रायपूरचंच बघा. इथल्या जुन्या मराठी घरांपैकी काही भोसल्यांच्या काळात आली. नागपूरच्या भोसल्यांपैकी बिंबाजी 1758 साली छत्तीसगडात आले आणि 1787 पर्यंत रतनपूरला राहून त्यांनी इथला कारभार पाहिला. काही जण पुढे इंग्रजांच्या कचेरीत नोकरीला आले, कारण तेव्हा रायपूर मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. काही रेल्वेबरोबर आले. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा अशा वस्त्यांतून फिरलात तर एखाद्या घरातल्या ट्रंकेत वंशावळीचा पिवळा पडलेला कागद सापडेल आणि त्यावर अशी एखादी ओळ:

‘नागपूरहून रायपूरला आले, सन 1885.’

ही ओळ मी आत्ताच बनवली आहे, कुणाच्या घरची नाही. पण चला, तिच्यावर थोडी गुप्तहेरगिरी करू.

आले, ते कसे आले? तुम्ही म्हणाल, रेल्वेनं. थांबा! 1882 साली नागपूरहून निघालेली मीटरगेज रेल्वे राजनांदगावपर्यंत पोचली होती आणि 1885 मध्येही ती तिथेच थांबत होती. पुढे साधारण 70 किलोमीटर रूळच नव्हते. म्हणजे आपले पणजोबा राजनांदगावला उतरले आणि बैलगाडीत बसले. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर जाते, बैलांना दुपारी विसावा लागतो, रात्री मुक्काम. करा हिशोब. तीन दिवस तरी हवेतच! आता घरातलं कुणी म्हणालं, ‘‘आमचे पणजोबा 1885 ला रायपूर स्टेशनवर उतरले, हातात नुसती वळकटी,’’ तर तुम्ही डोळे बारीक करायचे. एक तर सन चुकलाय किंवा स्टेशन. नागपूरपासून रायपूर, बिलासपूर ओलांडून पार आसनसोलपर्यंत सलग रूळ झाले ते 1891 मध्ये. वळकटी खरी असू शकते हं, वळकटीवर माझा संशय नाही.

राजनांदगावपर्यंतही रेल्वे नव्हती तेव्हा काय होत असेल? याचं उत्तर देणारा एक 14 वर्षांचा मुलगा आहे. 1877 साली तो आई आणि भावंडांबरोबर नागपूरहून रायपूरला निघाला. वडील वकील, कामासाठी रायपुरात होते. सगळा प्रवास बैलगाडीचा. पंधरा दिवसांहून जास्त लागले, असं त्याचे चरित्रकार सांगतात. मुलाचं नाव नरेंद्रनाथ दत्त. पुढे सगळं जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणू लागलं. रायपुरात त्याचं घर होतं बूढापाऱ्यात, आणि तिथल्या बूढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात.

या प्रवासातली नरेंद्रची आठवण कोणती, माहीत आहे? डोंगरातून जाताना दोन कडे अगदी जवळ आलेले, मधे मोठी कपार आणि कपारीत वरपासून खालपर्यंत मधमाश्यांचं अवाढव्य पोळं. किती पिढ्यांनी बांधलं असेल हे, या विचारात तो इतका बुडाला की आपण बैलगाडीत आहोत हेच विसरला. मोठेपणी त्यानं ही गोष्ट सांगितली म्हणून ती उरली. नुसतं ‘1877, रायपूरला आगमन’ एवढंच लिहून ठेवलं असतं तर पोळं गेलं असतं की नाही?

पण गुप्तहेर महान माणसांच्या आठवणीही तपासतो. कड्यावर उघडं पोळं करणारी आपल्याकडची मधमाशी म्हणजे आग्या माशी. तिचं मोहोळ म्हणजे एकच पोळं, फार तर मीटर-दीड मीटर रुंद. मग अख्खी कपार भरली कशी? या माश्यांना शेजार फार आवडतो. एकाच कड्यावर किंवा एकाच झाडावर कितीतरी मोहोळं एकमेकांना खेटून लटकतात, कधी कधी शंभराहूनही जास्त. खालून, हलणाऱ्या गाडीतून पाहणाऱ्या मुलाला ते सगळं मिळून एकच वाटलं असणार. म्हणजे आठवण पक्की, फक्त ‘एक पोळं’ हे मोजमाप डोळ्यांनी केलेलं. घरातल्या जुन्या गोष्टी बहुतेक अशाच असतात. ‘आमच्या आंब्याला हजार आंबे लागायचे’ हे ऐकून हसू नका. हजार नसतील, पण झाड होतं. आंबेही होते.

विषय निघालाच आहे तर एक सांगूनच टाकतो. आग्या माश्या ऋतू बदलला की मोहोळ सोडून दूर उडून जातात आणि काही महिन्यांनी परत येतात, पुष्कळदा त्याच झाडावर. कामकरी माशी जेमतेम काही आठवडे जगते, म्हणजे परतणाऱ्या माश्यांनी ते झाड आधी कधी पाहिलेलंच नसतं! शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली तेव्हा दिसलं की राणी तीच असते, भोवतीच्या माश्या नव्या. जुना पत्ता नव्या माश्यांना कसा कळतो, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

बरं, पुन्हा ट्रंकेकडे. समजा तुम्हाला तीन कागद मिळाले. एकावर त्याच पणजोबांचं रायपूरला येणं 1885 चं, दुसऱ्यावर 1807 चं आणि तिसऱ्यावर 1942 चं. तीन वेगळे पणजोबा? की एकच पणजोबा, 135 वर्षं सतत येतच होते? घाबरू नका, तिन्ही कागद खरं बोलताहेत. मराठी घरात शके लिहायची पद्धत. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो: 1807 अधिक 78, 1885. छत्तीसगडात शेजारीपाजारी विक्रम संवत लिहितात आणि त्यातून 57 वजा करायचे: 1942 वजा 57, पुन्हा 1885. जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तारखांना एकाचा फरक पडतो, तेवढा सांभाळा. रायपूरच्या मराठी घरात दोन्ही पद्धतींचे कागद असू शकतात, त्यामुळे इथल्या गुप्तहेराला बेरीज आणि वजाबाकी दोन्ही यायला हवी.

आणि सनच लिहिलेला नसेल, नुसती कुंडली असेल तर? तर उडी मारा! त्या कुंडलीत भविष्य काय लिहिलंय ते राहू दे बाजूला. जन्माच्या वेळी आकाशात कोण कुठे होतं, याची ती नोंद आहे. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, सूर्य एक महिना, गुरू सुमारे एक वर्ष, शनी अडीच वर्षं. लग्नरास दर दोन तासांनी बदलते. शनी आणि गुरू मिळून वर्ष धरून देतात. फक्त एक अडचण आहे. ही जोडी साधारण 60 वर्षांनी पुन्हा जवळजवळ त्याच जागी येते, त्यामुळे पणजोबा की खापरपणजोबा असा घोळ होऊ शकतो. तिथे राहू मदतीला येतो. त्याची फेरी साडेअठरा वर्षांची, ती साठाशी जुळत नाही. मग सूर्यावरून महिना, चंद्रावरून दिवस, लग्नावरून वेळ. ज्या कागदावर सन-तारीख काहीच नाही त्यावरून तुम्ही सांगू शकता की बाळ पहाटे जन्मलं की संध्याकाळी. आजचे संगणक कुठल्याही जुन्या तारखेचं आकाश काढून दाखवतात, त्याच्याशी कुंडली ताडून बघा.

ट्रंक रिकामीच निघाली तर तीर्थक्षेत्रं आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग अशा ठिकाणच्या उपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या असतात. यात्रेला आलेला माणूस तिथे आपलं गाव, मुलाबाळांची नावं सांगायचा आणि पुष्कळदा स्वतः सही करायचा. जुन्या सह्या मोडी लिपीत. म्हणजे तुमच्या खापरपणजोबांचं अक्षर चांगलं होतं की कोंबडीचे पाय, हेसुद्धा कळू शकतं!

आता एक तक्रार. वंशावळीचा तो कागद पुन्हा उलगडा आणि त्यात बायका शोधा. सापडल्या? बहुतेक जुन्या वंशावळींत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, एवढंच. आता गणित करा. तुम्हाला आईबाबा 2, आजी-आजोबा 4, त्यांचे आईवडील 8, त्यांचे आईवडील 16. या सोळा जणांपैकी तुमच्या कागदावर कितीजण? एक! बाकीचे 15 कुठे गेले? मला विचाराल तर वंशावळीतली ही सगळ्यात मोठी चोरी आहे, आणि आजवर कुणी पोलिसांत गेलेलं नाही.

तुमच्या शरीरानं मात्र नोंद ठेवली आहे. आपल्या पेशींत तंतुकणिका नावाचे बारीक कण असतात, अन्नापासून ऊर्जा तयार करणारे. त्यांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. म्हणजे ज्या खापरपणजीचं नाव कुणी लिहिलं नाही, तिच्या तंतुकणिका तुम्ही हा अंक वाचताना तुमच्या डोळ्यांत काम करताहेत. तेव्हा कागदाची दुसरी बाजू वापरा. आईपासून सुरुवात करून फक्त आयांची माळ लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या नावावरच अडाल. अडलात की घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला गाठायचं, आणि लवकर.

पण जाऊन विचारायचं काय? ‘‘आजी, तुझ्या लहानपणाबद्दल सांग ना’’ असं म्हणालात तर आजी म्हणेल, ‘‘काय सांगू रे, असंच होतं सगळं.’’ संपली मुलाखत. प्रश्न लहान हवा. दुपारी कुठे झोपायचीस? शाळेत पाणी कशातून प्यायचीस? मार कशावरून खाल्लास? घरात कुठली भाषा आणि गल्लीत कुठली?

भाषेचा हा प्रश्न रायपुरात भारी रंगतो. माधवराव सप्रे यांचं उदाहरण घ्या. जन्म 1871 चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी, घर मराठी, शिक्षण बिलासपूर आणि रायपूरला. 1900 साली त्यांनी पेंड्रा इथून ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक काढलं. सोबत होते वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर. आडनावं तिन्ही मराठी, मासिक हिंदी! रायपूरची सप्रे शाळा आणि लाखे नगर ही यांचीच नावं. समर्थांचा दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य सप्र्यांनीच हिंदीत नेलं. 1901 मध्ये त्यांनी आपल्या मासिकात छापलेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये गणली जाते. तिच्यात एका म्हातारीची झोपडी जमीनदार बळकावतो. तिची नात जेवायलाच तयार नाही, तिला आपल्याच घरची भाकर हवी. म्हणून म्हातारी झोपडीतली टोपलीभर माती मागायला येते, तिची चूल करून नातीला भाकर करून घालायची म्हणून.

चुलीचं निघालं म्हणून शेवटचा प्रयोग सांगतो. हा स्वयंपाकघरात करायचा.

वासाचा मेंदूशी वशिला असतो. दिसलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टी मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावर थांबतात. वासाची वाट मात्र आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांजवळ थेट जाते. म्हणून एखादा वास आला की माणूस एकदम पन्नास वर्षं मागे पोचतो. आणि छत्तीसगडात वास असलेल्या तांदळांना तोटा नाही: दुबराज, विष्णुभोग, जवाफूल, बादशाहभोग. डॉ. रिछारिया नावाच्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात इथल्या गावोगावचे हजारो वाण गोळा केले. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताचे 20 हजारांहून अधिक वाण सांभाळून ठेवले आहेत. विचार करा, तुमच्या पणजीचा फोटो नसेल, पण तिनं रांधलेल्या भाताचं बियाणं तिथे थंड खोलीत असू शकतं!

तर आजीला विचारा, तिच्या लहानपणी सणाला कुठला तांदूळ असायचा. तोच मिळवा. आईला सांगून तो घरात शिजवा, झाकण आजीच्या जवळ आणून काढा आणि मोबाइलवर आवाज टिपायला लावा. मग गप्प बसा. मधे बोलायचं नाही! आजीचे भाऊ किंवा बहिणी असतील तर त्यांनाही बोलवा. एक म्हणेल, आई भातावर तूप सढळ वाढायची. दुसरा म्हणेल, कुठलं तूप, घरात गाय होतीच कुठे? भांडू द्या. दोघांचंही लिहून घ्या, कोण काय म्हणालं ते नावासकट, आणि गाय होती की नाही याचा पुरावा नंतर शोधा.

आणि आजीनं वास घेऊन नाक मुरडलं, ‘‘हा तो तांदूळच नव्हे’’ असं म्हणाली, तर हिरमुसू नका. तो कसा होता, हे ती पुढच्याच वाक्यात सांगणार आहे.